वाट लांबवणारी माणसं

दौलताबादचा किल्ला शत्रूला आधी वळवतो, मग दमवतो आणि अडवतो ते अगदी शेवटी. तटांमागून तट लागतात, पण दरवाजे एका रेषेत मिळत नाहीत. जागोजागी वळण असल्यामुळे हत्तीला धाव घ्यायला जागा उरत नाही, आणि तो दारापर्यंत पोचलाच तर दारावर लोखंडी सुळे रोखलेले आहेत. पुढे खडकात खोदलेला खंदक. त्यापलीकडचा डोंगराचा कडा माणसांनी तासून असा उभा केला आहे की घोरपडही घसरावी. वर जायची वाट एकच, अंधारी नावाच्या भुयारातून. पायऱ्या वाकड्यातिकड्या, उजेड नाही, आणि वरच्या तोंडाशी जाळ करून भुयारात धूर कोंडायची सोय. सुमारे २०० मीटर उंचीच्या या डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्यांना एक गोष्ट पक्की कळली होती: हल्ला परतवायचा तर हल्लेखोराचा वेळ खायचा.

फुटबॉलमधला बचावपटू नेमका हाच व्यवसाय करतो. आपल्याला त्याचं घसरून केलेलं टॅकल दिसतं, टाळ्या त्यालाच मिळतात. पण टॅकल ही अंधारीच्या वरच्या तोंडाशी पेटवलेली आग आहे, शेवटचा उपाय. खरं काम त्याच्या आधी होऊन गेलेलं असतं. चेंडू घेऊन येणाऱ्यासमोर चांगला बचावपटू छाती रोखून उभा राहत नाही. तो अंग थोडं तिरकं करतो, एक पाय मागे ठेवतो, दोन-तीन पावलांचं अंतर राखतो आणि मागे सरकत सरकत त्याला कडेच्या रेषेकडे नेतो. जोरात धावणारा खेळाडू सेकंदाला आठेक मीटर कापतो. म्हणजे बचावपटूने समोरच्याला तीनच सेकंद रेंगाळत ठेवलं, तर मागून धावत येणारा सहकारी २४ मीटर जवळ येतो. एकाशी एक असलेला सामना दोघांशी एक होतो.

कडेला का न्यायचं, याचं उत्तर भूमितीत आहे आणि ते थक्क करणारं आहे. गोलच्या दोन खांबांमधलं अंतर ७.३२ मीटर. गोलच्या बरोबर समोर, ११ मीटरवर, म्हणजे पेनल्टीच्या ठिपक्यावर उभं राहिलं की गोल जवळजवळ ३७ अंशांत पसरलेला दिसतो. आता तेवढ्याच अंतराच्या आडव्या रेषेवर १५ मीटर बाजूला सरका. तोच गोल १४ अंशांच्या आत येतो. खांब हलले नाहीत, गोलरक्षक बदलला नाही, चेंडू कोणी हिसकावला नाही. तरीही गोल निम्म्याहून लहान झाला! बचावपटूने फक्त समोरच्याला वळायला लावलं.

मध्यभागी उभा राहणारा हा पहारेकरी, सेंटर बॅक, खेळात सुरुवातीपासून असा नव्हता. १९२५ पर्यंत ऑफसाइड न ठरण्यासाठी सहकाऱ्याने चेंडू पुढे टाकताना आघाडीपटू आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्याचे तीन खेळाडू असावे लागत. त्या वर्षी तिनाचे दोन झाले आणि इंग्लंडमध्ये गोलांचा पाऊस पडू लागला. तेव्हा आर्सेनलचे हर्बर्ट चॅपमन आणि त्यांच्यासारख्या जाणत्यांनी मधल्या फळीतला एक खेळाडू मागे खेचला, दोन बचावपटूंच्या मध्ये उभा केला. नियमात एका आकड्याचा फरक पडला आणि जगभरच्या तरुणांसाठी एक नवी नोकरी जन्माला आली.

त्या नोकरीने मुर्तदा फॉलला सेनेगलच्या डाकारहून आपल्याकडे आणलं. १९८७ साली जन्मलेला हा उंचापुरा बचावपटू आधी मोरोक्कोत खेळला. तेतुआनच्या क्लबात असताना सर्जिओ लोबेरा हे स्पॅनिश प्रशिक्षक त्याला लाभले. लोबेरा पुढे गोव्यात आले आणि २०१८ मध्ये फॉलही एफसी गोवाच्या बचावफळीत दाखल झाला. २०२० मध्ये लोबेरा मुंबई सिटी क्लबाकडे गेले, फॉलही गेला. २०२३ मध्ये लोबेरांनी ओडिशा एफसीची सूत्रं घेतली, फॉल तिथेही त्यांच्या संघात होता. परदेशी खेळणाऱ्या बचावपटूची कारकीर्द बहुधा अशीच एखाद्या जाणत्याच्या विश्वासावर उभी असते. आघाडीपटूचे गोल मोजून दूरच्या क्लबालाही त्याची किंमत कळते. न झालेले गोल मोजायचे कसे? ते त्यालाच ठाऊक असतात, ज्याने रोज सराव पाहिलेला असतो.

फॉलच्या उंचीचा दुसराही उपयोग झाला. कॉर्नरच्या वेळी तो समोरच्या गोलपाशी जायचा, आणि हेडर मारून मारून इंडियन सुपर लीगमधला सर्वाधिक गोल करणारा बचावपटू ठरला. २०२१-२२ पासून या लीगमध्ये एका वेळी चारच परदेशी खेळाडू मैदानात उतरवता येऊ लागले. त्या चार जागांपैकी एक गोल अडवणाऱ्यासाठी राखून ठेवणं, यात त्याचं मोल दिसतं.

आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येऊन इथे बचाव करणारा फॉल पहिला नव्हे. इथिओपियात जन्मलेला मलिक अंबर गुलाम म्हणून विकला जात जात अहमदनगरच्या निजामशाहीत पोचला आणि पुढे तिचा सूत्रधार झाला. त्याचं येणं सक्तीचं होतं, फॉलचं स्वतःच्या सहीने. हा फरक फार मोठा आहे. पण अंबरची युद्धकला पाहिली की बचावाची तीच बुद्धी दिसते: मोठ्या मुघल फौजेला थेट भिडायचं टाळून तिची रसद तोडायची, तिला फिरवायचं, थकवायचं. दौलताबादचा सर्वांत बाहेरचा तट त्याच्याच नावाने अंबरकोट म्हणून ओळखला जातो, आणि १६२६ मध्ये मरण पावलेला हा वीर जवळच खुलताबादला विसावला आहे. त्याच्या मृत्यूनंतर, १६३३ मध्ये, मुघलांनी सुरुंग लावून बाहेरचे तट फोडले. बालेकिल्ला मात्र धान्य संपल्यावरच त्यांच्या हाती आला. शेवटच्या दहा मिनिटांत पाय जड झालेली बचावफळी अशीच आतून संपते.

आता आपल्या मातीतला बचावपटू पाहू. मुंबईचा राहुल भेके. १७ मार्च २०१९ रोजी मुंबईतल्याच मैदानावर इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात बंगळुरू आणि फॉलचा गोवा समोरासमोर होते. गोलफलक कोरा. जादा वेळेत, ११७व्या मिनिटाला कॉर्नर आला आणि बंगळुरूकडून खेळणाऱ्या भेकेने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. विजेतेपद त्या एका गोलाने ठरलं. दोन वर्षांनी भेके आणि फॉल मुंबई सिटीत सहकारी झाले. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधमध्ये, एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये, मुंबईसमोर इराकचा एअर फोर्स क्लब होता. मुंबई आधी पिछाडीवर पडली, मग पेनल्टीवर बरोबरी झाली आणि ७५व्या मिनिटाला भेकेच्याच हेडरने २-१. आशियातल्या क्लबांच्या त्या सर्वोच्च स्पर्धेत भारतीय क्लबाने जिंकलेला तो पहिला सामना. मायदेशापासून दूर, एका बचावपटूच्या डोक्यातून आलेला!

परदेशी क्लबाशी करार मात्र भारतीय बचावपटूला अजून दुर्मिळ आहे. चंडीगडचा संदेश झिंगन २०२१ मध्ये क्रोएशियाच्या शिबेनिक क्लबात गेला, दुखापतीने त्याला गाठलं आणि एकही अधिकृत सामना न खेळता त्याला परतावं लागलं. तिथे जाण्याचं धाडस त्याने केलं, याचा मला मनापासून आदर वाटतो. पुढच्यांना वाटेचा अंदाज तरी आला.

आणि ती वाट कुठून सुरू होते, हे फुटबॉलच्या कायद्याने फार सुंदर रीतीने लिहून ठेवलं आहे. करार चालू असताना खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबात गेला, तर क्लबांमध्ये ठरलेल्या रकमेतले ५ टक्के त्याला घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. वयाच्या बाराव्या वर्षापासून तेविसाव्यापर्यंतचा हिशेब होतो: पहिल्या चार वर्षांना प्रत्येकी पाव टक्का, पुढच्या आठ वर्षांना प्रत्येकी अर्धा. म्हणजे बारा वर्षांच्या मुलाला ‘अंग तिरकं ठेव, उडी घेऊ नकोस, थांब’ असं शिकवणाऱ्या लहानशा नोंदणीकृत क्लबाचाही त्यात वाटा आहे. छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या मैदानावरून उद्या कोणी परदेशी गेलं, तर तिथल्या क्लबाचाही असेल. न झालेल्या गोलांची नोंद गोलफलकावर होत नाही, पण ते अडवायला शिकवणाऱ्याचं वर्ष न्‌ वर्ष मोजलं जातं. म्हणून शाळेच्या संघात मागे उभं राहायला सांगितलं म्हणून हिरमुसलेलं पोर दिसलं, तर त्याला हे जरूर सांगा: या खेळातलं सर्वांत विचाराचं काम तुझ्याकडे आलं आहे.