कापूस सल्ला: बीटी आहे, मग बोंडात अळी कशी?



"पाकिटावर बीटी लिहिलंय, तरी बोंडात अळी निघाली. बियाणं बोगस होतं का?" ऑक्टोबर लागला की जळगाव-धुळ्यातून हाच प्रश्न येतो. दरवेळी बियाणं बोगसच असतं असं नाही. कारण समजून घ्या, पुढचे निर्णय सोपे जातील.

*जनुक म्हणजे मोटर, प्रमोटर म्हणजे व्हॉल्व्ह*
ठिबकला मोटर एकच असते. पण कोणत्या सेक्शनला, कधी आणि किती पाणी जाणार हे व्हॉल्व्हवर असतं. पिकातही तसंच. प्रत्येक जनुकाच्या पुढे डीएनएचा एक भाग असतो, त्याला प्रमोटर म्हणतात. जनुक तेच, पण प्रमोटर बदलला की गुण बदलतो.

बाजारातला जांभळा फ्लॉवर बघा. रंगाचं जनुक पांढऱ्यातही असतं. जांभळ्यात त्याच्या प्रमोटरमध्ये डीएनएचा एक तुकडा येऊन बसला, जनुक जोरात चालू झालं आणि गड्डा जांभळा झाला.

*आता आपला कापूस*
2002 मध्ये आपल्याकडे बीटी कपाशीला मंजुरी मिळाली. तिच्यातलं विषाचं जनुक जमिनीतल्या जिवाणूचं आणि प्रमोटर फ्लॉवरवरच्या एका विषाणूचा. हा प्रमोटर झाडभर चालतो, पण सगळीकडे सारखा नाही.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने 2005 मध्ये बीटी संकरित वाणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पानात विष सर्वात जास्त, फुलातल्या कोवळ्या बोंडात आणि बोंडाच्या सालीत सर्वात कमी. वाणावाणांतही फरक. साधारण 110 दिवसांनंतर हिरव्या (अमेरिकन) बोंडअळीला मारण्याइतकंही विष उरत नव्हतं. 15 जूनची लागवड धरली तर हे 110 दिवस 3 ऑक्टोबरला भरतात.

2006 पासून दोन जनुकांचं बीजी-2 आलं. पण गुलाबी बोंडअळी आता दोन्ही विषांना दाद देत नाही. ती राहते फुलात आणि बोंडात, म्हणजे विष कमी असतं तिथेच. अर्धवट मात्रेत चिवट अळ्या वाचतात आणि त्यांचीच पिल्लावळ वाढते. म्हणून पाकिटाच्या भरवशावर राहू नका.

*काय करायचं?*
1. एकरी 2 कामगंध सापळे लावा. सलग 3 रात्री एका सापळ्यात रोज 8 किंवा जास्त पतंग आले तर फवारणीची वेळ झाली.
2. दर आठवड्याला शेतात फिरून 20 हिरवी बोंडं फोडा. 2 बोंडांत अळी दिसली तरी फवारणी घ्या. औषध आम्हाला विचारूनच घ्या.
3. डोमकळ्या वेचून नष्ट करा.
4. डिसेंबरअखेर कपाशी मोकळी करा. *फरदड घेऊ नका.* चार क्विंटलच्या आशेने ठेवलेल्या फरदडीत विष कमी आणि अळीला खाणं भरपूर. ती पुढच्या हंगामाचं बेणं ठरते.
5. पऱ्हाटी बांधावर रचू नका, श्रेडरने बारीक करा.
6. पुढच्या वर्षी लवकर येणारं वाण निवडा. पावती आणि रिकामं पाकीट जपून ठेवा.

20 पैकी किती बोंडांत अळी निघाली, ते गावाच्या नावासह याच नंबरवर कळवा.

– आपला कृषी सल्लागार