रुग्णालयातील हवेची जबाबदारी कोणाची?

पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे गाव नरवीर तानाजी मालुसरे यांच्या समाधीमुळे साऱ्या महाराष्ट्राला परिचित आहे. डोंगराच्या कुशीतील या गावात कोणी गंभीर आजारी पडले, तर आप्तजन त्याला प्रथम पोलादपूरला, तेथून महाडला आणि गरज भासल्यास मुंबईला वा पुण्याला नेतात. या प्रवासात त्याला तपासणारा डॉक्टर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणीकृत असतो. परिचारिकेची नोंदणी असते. औषध देणाऱ्या फार्मासिस्टचीही १९४८ च्या कायद्यानुसार नोंदणी असते. परंतु त्या रुग्णालयात रुग्ण जी हवा श्वासावाटे आत घेतो, ती शुद्ध व सुरक्षित आहे, असे स्वतःच्या नावाने व सहीने कोण सांगतो? या प्रश्नाचे उत्तर आज आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मिळत नाही. ख्रिस्तसभा आरोग्यसेवेच्या कार्यात अनेक दशके गुंतलेली असल्यामुळे या विषयाची माहिती आपल्या श्रद्धावंतांना असावी, असे आम्हांस वाटते.

हवा दिसत नाही, चूकही दिसत नाही

रुग्णालयातील वायुवीजन म्हणजे केवळ गारवा नव्हे. शस्त्रक्रियागृहात हवेचा दाब बाहेरच्या मार्गिकेपेक्षा किंचित जास्त ठेवावा लागतो. त्यामुळे दार उघडले तरी बाहेरचे जंतू आत शिरत नाहीत. क्षयरोगासारखा हवेतून पसरणारा आजार झालेल्या रुग्णाच्या खोलीत याच्या नेमके उलट करावे लागते. तेथे दाब कमी ठेवतात, म्हणजे खोलीतील हवा इतर रुग्णांकडे जात नाही. 'अ‍ॅश्रे १७०' या अमेरिकी मानकानुसार शस्त्रक्रियागृहातील हवा ताशी किमान २० वेळा बदलली जावी आणि त्यांपैकी किमान ४ वेळा ती बाहेरून घेतलेली ताजी हवा असावी. हवेतून पसरणाऱ्या रोगांच्या विलगीकरण खोलीसाठी हा आकडा ताशी १२ आहे. भारतात रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या 'एनएबीएच' या मंडळानेही शस्त्रक्रियागृहांच्या वातानुकूलनाविषयी मार्गदर्शक सूचना दिलेल्या आहेत. मात्र हे मानांकन ऐच्छिक आहे.

जेथे यंत्रे नाहीत तेथे खिडक्या हेच वायुवीजन. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली नैसर्गिक वायुवीजनाविषयी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात सर्वसाधारण वॉर्डात प्रत्येक रुग्णामागे दर सेकंदाला ६० लीटर, तर हवेतून पसरणाऱ्या रोगांच्या खोलीत १६० लीटर हवा मिळावी, असे सुचविले आहे. परंतु महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने पाऊस आडवा येतो. खिडक्या लावून घेतल्या जातात. मग कोणी तरी सद्‌हेतूने वॉर्डाला भिंतीवरचा एसी देणगी म्हणून देतो. असा एसी सामान्यतः खोलीतलीच हवा फिरवून थंड करतो, बाहेरची ताजी हवा आणत नाही. खोली थंड होते, रुग्ण सुखावतो आणि एकाच्या खोकल्यातील जंतू मात्र सर्वांच्या वाट्याला येत राहतात. यात कोणाचाही दुष्ट हेतू नसतो. विचारण्यासारखा जाणकार माणूस जवळ नसतो, एवढेच.

नोंदणी म्हणजे काय?

आपल्या देशात वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे. नोंदणीशिवाय कोणालाही स्वतःला वास्तुविशारद म्हणवता येत नाही. अभियंत्यांसाठी देशभर लागू असा कायदा अद्याप नाही. १९२० साली स्थापन झालेली 'इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स' ही संस्था 'चार्टर्ड इंजिनिअर' ही मान्यता देते. वातानुकूलन क्षेत्रातील अभियंत्यांची 'इश्रे' ही संघटना १९८१ पासून प्रशिक्षणाचे काम करीत आहे. परंतु रुग्णालयाच्या हवेचे काम करणाऱ्याने यांपैकी एखादी मान्यता घेतलीच पाहिजे, असे बंधन नाही.

इंग्लंडमध्ये यासाठी निश्चित पद्धत आहे. तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या 'एचटीएम ०३-०१' या मार्गदर्शिकेची नवी आवृत्ती २०२१ मध्ये निघाली. तीनुसार शस्त्रक्रियागृहासारख्या महत्त्वाच्या ठिकाणच्या यंत्रणेची पाहणी दर तीन महिन्यांनी आणि संपूर्ण पडताळणी वर्षातून किमान एकदा व्हावी लागते. शिवाय रुग्णालयाने वायुवीजनासाठी एक स्वतंत्र प्राधिकृत अभियंता नेमावा, असे तीत म्हटले आहे. हा अभियंता ठेकेदाराचा माणूस नसतो. रुग्णालयाचे कर्मचारी या कामास सक्षम आहेत की नाहीत, हे तो तपासतो. अशा अभियंत्यांची नोंदवही तेथील रुग्णालय अभियंत्यांची व्यावसायिक संस्था ठेवते.

दुसऱ्याची नजर

नोंदणी हा पहिला टप्पा होय. दुसरा टप्पा म्हणजे समव्यावसायिक परीक्षण, अर्थात एका अभियंत्याच्या कामाकडे त्याच विषयातील दुसऱ्या, हितसंबंध नसलेल्या अभियंत्याने पाहणे. तो गणित पुन्हा मांडून पाहतो, हवेचा दाब स्वतः मोजतो, गाळण्या कधी बदलल्या याची वही वाचतो आणि जे आढळले ते लिहून देतो. दोष शोधून कोणाला शिक्षा करणे हा यामागील उद्देश नसतो. चूक रुग्णापर्यंत पोहोचण्यापूर्वी ती सापडावी, एवढाच हेतू असतो.

एका प्रमाणपत्रावर विसंबून राहणे पुरेसे नाही, हे महाडच्या परिसराइतके क्वचितच कोणाला उमगले असेल. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि एस.टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. त्या पुलाची काही महिन्यांपूर्वीच पाहणी झाली होती, असे तेव्हा शासनाकडून सांगण्यात आले होते. पूल तरी डोळ्यांना दिसतो. हवा दिसतही नाही.

२०२१ हे वर्ष आपल्या राज्यातील रुग्णालयांसाठी फार दुःखाचे ठरले. ९ जानेवारीला भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षातील आगीत १० बालके दगावली. २३ एप्रिलला विरार येथील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातील आगीत किमान १३ रुग्ण मृत्युमुखी पडले. आगीबाबत महाराष्ट्रात २००६ चा कायदा आहे. त्यानुसार दर जानेवारी व जुलै महिन्यात परवानाधारक संस्थेकडून अग्निसुरक्षा यंत्रणेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्याची अंमलबजावणी हा वेगळा प्रश्न, परंतु जबाबदारी कोणाची हे तरी त्यात ठरलेले आहे. रुग्णालयातील हवेबाबत तेवढेही ठरलेले नाही.

आक्षेप आणि उपाय

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला खर्चाचा. डोंगरपट्ट्यातील दहा खाटांच्या दवाखान्याने तज्ज्ञाचे शुल्क कोठून आणावे? दुसरा अनुभवाचा. नोंदणी म्हणजे आणखी एक दाखला आणि आणखी एक फेरा. हे दोन्ही आक्षेप खरे आहेत. नोंदणी असूनही वैद्यकीय व्यवसायातील चुका संपलेल्या नाहीत, हेही सत्य आहे. तथापि नोंदणी असल्यामुळे दाद मागण्यास एक दार असते, हे विसरता येणार नाही.

खर्चाचा भार वाटून घेता येईल. भारतीय कॅथलिक आरोग्य संघटना १९४३ साली ऑस्ट्रेलियातून आलेल्या डॉक्टर सिस्टर मेरी ग्लोरी यांनी गुंटूर येथे स्थापन केली. विखुरलेल्या छोट्या दवाखान्यांनी एकमेकांच्या आधाराने उभे राहावे, ही त्यामागील दृष्टी होती. त्याच धर्तीवर काही रुग्णालयांनी मिळून एक जाणकार अभियंता नेमावा आणि एका रुग्णालयाच्या अभियंत्याने दुसऱ्याचे काम वर्षातून एकदा तपासावे. यासाठी कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.

विश्वस्तांनी आपल्या रुग्णालयात चार प्रश्न अवश्य विचारावेत. हवेच्या यंत्रणेची जबाबदारी कोणत्या व्यक्तीवर आहे? तिचे शिक्षण व मान्यता काय? शेवटची मोजणी कधी झाली व ती कोठे लिहिलेली आहे? आणि ती मोजणी यंत्रणा बसविणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणी तपासली आहे काय? विलगीकरण खोलीचे दार किंचित उघडून फटीजवळ उदबत्ती धरली, तर धूर आत जातो की बाहेर येतो, हे कोणालाही पाहता येते. ही तज्ज्ञाच्या मोजणीची जागा घेणारी चाचणी नव्हे, परंतु प्रश्न विचारण्यास ती पुरेशी आहे.

दयाळू शोमरोनी माणसाने जखमी वाटसरूला उतारशाळेत नेले, पैसे दिले आणि परतताना पुन्हा येण्याचे वचनही दिले, असे प्रभू येशूने सांगितले आहे. सेवेइतकेच सेवेची पुन्हा चौकशी करणेही महत्त्वाचे आहे. दरवर्षी ११ फेब्रुवारीला आपण जागतिक रुग्ण दिन पाळतो. त्या दिवशी रुग्णांसाठी प्रार्थना करताना आपल्या रुग्णालयातील हवेची वहीही उघडून पाहिली जावी, अशी आमची नम्र विनंती आहे. उमरठहून आलेल्या त्या रुग्णाचा आपल्यावर विश्वास आहे. तो विश्वास जपणे हे आपले कर्तव्य होय.