पावसाचा आकडा कुठून आला?

22 जुलै 2021च्या गुरुवारी दुपारपासून रात्रभर महाड-पोलादपूरवर कोसळलेला पाऊस हवामान खात्याच्या तक्त्यात शोधायचा, तर 23 तारखेसमोर पाहावं लागतं. पर्जन्यमापकातलं पाणी सकाळी साडेआठला मोजतात आणि मागच्या चोवीस तासांचा सगळा पाऊस मोजणीच्या दिवसावर मांडतात. हे ठाऊक नसलेला माणूस तळिये गावावरची दरड 22 तारखेला कोसळली एवढं लक्षात ठेवून तक्ता उघडतो आणि 22 समोरचा आकडा त्या संध्याकाळचा म्हणून लिहून मोकळा होतो. आकडा खरा, तारीख खरी, आणि विधान मात्र चुकलेलं.

मी इथल्याच नाते गावात राहते, संख्याशास्त्र शिकले आहे आणि आमच्या दोन तालुक्यांच्या पावसाच्या नोंदी एका जागी आणण्याचं काम करते. सावित्री महाबळेश्वरावरून उतरते, गांधारी आणि काळ रायगडाच्या अंगाने येतात, आणि बाणकोट खाडीला भरती असली की महाडात चढलेलं पाणी लवकर ओसरत नाही. त्यामुळे वरचा पाऊस कधी आणि किती पडला, हा प्रश्न इथे घराघरात विचारला जातो. उत्तर देताना मला आकडा सांगून भागत नाही. तो कसा निघाला, हेही दाखवता यावं लागतं.

कच्च्या नोंदीपासून उत्तरापर्यंत बऱ्याच पायऱ्या असतात. कागदावरचा पाऊस संगणकात उतरवायचा. रिकामा रकाना आणि शून्य वेगळे ठेवायचे, कारण शून्य म्हणजे पाऊस पडला नाही आणि रिकामा म्हणजे कुणी मोजलाच नाही. तारखा साडेआठच्या हिशेबाने जुळवायच्या. मग पावसाचे दिवस मोजायचे. हवामान खातं 2.5 मिलिमीटर किंवा जास्त पडला तरच तो पावसाचा दिवस धरतं. एखाद्याने एक मिलिमीटरची सीमा धरली, तर त्याच वहीतून त्याचे दिवस जास्त भरतील. दोघंही प्रामाणिक, आणि पायऱ्या लिहिलेल्या नसतील तर दोघांचं भांडण कधी मिटणार नाही.

या पायऱ्या मी कमांड लाईनवर चालवते. म्हणजे माऊसने चित्रांवर टिचकी न मारता काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची. ज्यांना हे जुनाट वाटतं त्यांना मी आवर्जून सांगते, की टाइप केलेली आज्ञा जशीच्या तशी जपता येते. माऊस कुठे कुठे फिरला, ते तुम्हालाही उद्या आठवत नाही. माझ्याकडे एक लहानसं साधन आहे, मीच लिहिलेलं. प्रत्येक आज्ञेच्या आधी त्याचं नाव टाइप करायचं, एवढंच. आज्ञा नेहमीसारखी चालते, आणि शेजारच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये एक ओळ वाढते: किती वाजता, कोणती आज्ञा, कोणती फाइल आत गेली, कोणती बाहेर आली, काम पुरं झालं की अडलं.

या ओळीत प्रत्येक फाइलचा ठसाही असतो. 'एसएचए-256' नावाची गणिती रीत कितीही मोठी फाइल घेते आणि तिच्यापासून 64 अक्षर-अंकांची एक माळ काढते. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी माळ पार वेगळी येते. दोन वर्षांनी कुणी म्हणालं, की ही तीच फाइल कशावरून, तर ठसा पुन्हा काढायचा आणि जुन्या ओळीशी ताडून पाहायचा.

हे सारं कोकणातल्या शेतकऱ्याला मी सातबाऱ्यावरून समजावते. सातबारा आजची स्थिती दाखवतो; जमीन या नावावर कशी आली, ते गाव नमुना सहामधल्या फेरफाराने कळतं. जुनं नाव खोडून नाहीसं करत नाहीत, त्याला कंस करतात आणि फेरफार क्रमांक लिहितात. माझ्या फाइलीतही ओळ फक्त वाढते. चुकलेली पायरी तिथेच राहते आणि दुरुस्ती तिच्याखाली येते.

पायऱ्यांकडे लक्ष नसलं की केवढं बिघडतं, ते इंग्लंडमध्ये 2020 साली दिसलं. 25 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर या काळात कोविडचे 15,841 रुग्ण रोजच्या आकडेवारीतून गळले. प्रयोगशाळांकडून आलेल्या याद्या मधल्या एका पायरीत जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलमध्ये भरल्या जात होत्या आणि तिच्यात 65,536 ओळींपलीकडे जागाच नसते. उरलेली नावं आत आलीच नाहीत. त्यांच्या संपर्कातल्या माणसांना शोधायला उशीर झाला. आत किती ओळी गेल्या आणि बाहेर किती आल्या, हे दोन आकडे त्या पायरीवर कुणी शेजारी शेजारी पाहिले असते, तर खोट लगेच दिसली असती. म्हणून माझ्या साधनात ओळींची मोजदाद मी पहिल्यापासून ठेवली आहे.

आकडे तपासण्याजोगे असावेत या आग्रहाशी आमच्या गावाचा जुना संबंध आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा जन्म 1896 साली नाते गावातच झाला. ते 1945 ते 1964 भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष होते, आणि ते अर्थमंत्री झाले त्याच 1950 साली राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण सुरू झालं. त्या सर्वेक्षणामागचे प्रशांतचंद्र महालनोबिस एकाच भागातून दोन स्वतंत्र नमुने वेगवेगळ्या चमूंकडून गोळा करवत आणि दोन्ही उत्तरं ताडून पाहत. ज्या चमूचं उत्तर हटकून वेगळं येई, त्याच्या कामात काय झालं, ते मग शोधता येई. गोळा करणाऱ्याच्या हातून आकड्यात काय शिरतं, हे त्यांनी संगणक येण्याआधीच मोजायला घेतलं होतं. मला हे फार मोठं वाटतं.

माझं साधन लिहितं ती नोंद माझ्याच यंत्रावर राहते, हे मी ठरवून केलं आहे. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट जाते, मागोमाग मोबाईलचा टॉवर जातो, आणि नेमक्या त्याच दिवसांच्या नोंदी सर्वांत महत्त्वाच्या असतात. लॅपटॉपची बॅटरी आहे तोवर काम चालतं. साध्या मजकुराची फाइल वीस वर्षांनीही कुठल्याही संगणकावर उघडेल. कुणाची वर्गणी भरावी लागणार नाही.

यंत्राला एक गोष्ट मात्र लिहिता येत नाही: कारण. अमुक दिवसाची नोंद मी का वगळली, हे मलाच लिहावं लागतं. म्हणून साधन दर पायरीला विचारतं आणि मी उत्तर देते: 'मापक कलंडलेला होता, असं मोजणाऱ्याने सांगितलं.' माझ्या फाइलीतला सर्वांत मौल्यवान भाग हाच. ठसा आणि वेळ बाकीच्या ओळीला भक्कम करतात, पण निर्णय तपासायचा तर कारणच वाचावं लागतं.

सुरुवात करायला माझं साधन हवंच असं नाही. लिनक्स किंवा मॅकवर 'स्क्रिप्ट' ही जुनी आज्ञा पडद्यावर दिसलेलं सारं फाइलीत उतरवते. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'स्टार्ट-ट्रान्स्क्रिप्ट' तेच करते. पासवर्ड आज्ञेत टाइप करू नका, तो नोंदीत तसाच राहील. आणि पेनड्राइव्हवर आकडे कुणाला द्याल, तेव्हा नोंदीची फाइल त्याच फोल्डरमधून सोबत द्या.