जनित्र, घरगुती

वितरण वाहिनीवरील पुरवठा खंडित झाला असता घरातील आवश्यक उपकरणांना वीज पुरविणारा, लहान अंतर्ज्वलन-एंजिन (सिलिंडरातच इंधन जाळून चालणारे एंजिन) व प्रत्यावर्तक (उलटसुलट दिशांनी वाहणारा प्रवाह निर्माण करणारे यंत्र) यांचा जोडसंच. सामान्यतः १ ते ५ किलोव्होल्ट-अँपिअर क्षमतेचे, हवेने थंड होणारे पेट्रोल संच यासाठी वापरतात. द्विध्रुवी प्रत्यावर्तक मिनिटास ३,००० फेरे या वेगाने फिरविल्यास ५० हर्ट्‌झ कंप्रतेचा (दर सेकंदास ५० आवर्तनांचा) प्रवाह मिळतो. तो २३० व्होल्ट दाबाने घरास देतात.

महाराष्ट्रात २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण भागात भारनियमनामुळे पुरवठा दररोज कित्येक तास बंद असे. ते दिवस सरले असले, तरी भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील आसगावासारख्या गावास वीज शेतांतून, झाडांलगत जाणाऱ्या लांब उपरी तारांनी मिळते. वळवाच्या वादळात फांदी पडून तार तुटली, तर दोष शोधून दुरुस्ती होईपर्यंत बराच वेळ जातो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास क्षमतेच्या घटमालेवर ३०० वॉट भार सु. ४ तास चालतो. त्यापुढे जनित्राचाच आधार उरतो.

संच निवडताना सर्व भारांची नुसती बेरीज पुरत नाही. पाच दिवे, दोन पंखे, दूरचित्रवाणी संच व शीतकपाट यांना मिळून सु. ४५० वॉट शक्ती लागते. परंतु शीतकपाटाचे वा पाण्याच्या पंपाचे चलित्र सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह क्षणभर घेते. म्हणून चलित्र प्रथम सुरू करून मग इतर भार जोडतात. शेतातील त्रिकला पंप अशा एककला संचावर चालत नाही.

विक्रेते व ग्राहक दोघेही क्षमतेची चर्चा करतात, जोडणीची क्वचितच. वास्तविक खरा धोका जोडणीतच असतो. दोन्ही टोकांना पिना असलेल्या तारेने जनित्र घरातील खोबणीस (प्लग पॉइंटला) जोडण्याची युक्ती अनेक ठिकाणी रूढ आहे. यात मुख्य स्विच बंद करण्याचे राहून गेले, तर जनित्राची वीज मीटरमधून उलट दिशेने गावातील रोहित्रापर्यंत पोहोचते. ११,००० व्होल्टचा दाब घरगुती दाबापर्यंत उतरविणारे हे रोहित्र उलट दिशेने तितकेच कार्यक्षम असल्याने उच्च दाबाच्या तारेवर हजारो व्होल्ट दाब निर्माण होतो. बहुधा शेजारच्या घरांचा भार पडून जनित्र लगेच दबते. पण रोहित्राचा भार हलका असेल आणि तुटलेल्या तारेमुळे वाहिनीचा तेवढाच भाग अलग झालेला असेल, तर तसे घडेलच असे नाही. उपकेंद्रातून पुरवठा बंद आहे, या भरवशावर खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर हे बेतते. काम करण्यापूर्वी तारा भूसंपर्कित करण्याचा नियम (जमिनीशी जोडून दाब शून्य करणे) मुख्यतः अशाच प्रसंगांसाठी आहे. तथापि ग्राहकाने त्यावर विसंबणे गैर होय. कला व उदासीन या दोन्ही तारा एकदमच तोडणारा द्विध्रुवी चेंजओव्हर स्विच परवानाधारक विद्युत् ठेकेदाराकडून बसविल्यास दोन्ही पुरवठे एकाच वेळी जोडले जाणे यांत्रिक दृष्ट्याच अशक्य होते. पुरवठा अचानक परत आला असता जनित्राची वेटोळी जळण्याचे भयही त्यामुळे राहत नाही.

निष्कास वायूतील कार्बन मोनॉक्साइडाला वास व रंग नसतो. रक्तातील हीमोग्लोबिनाशी तो ऑक्सिजनाच्या दोनशेहून अधिक पट आसक्तीने संयोग पावतो. पावसाच्या भीतीने संच पडवीत वा ओसरीवर ठेवून दारे लावून घेणे त्यामुळे प्राणघातक ठरू शकते. संच घराबाहेर, दारे-खिडक्यांपासून किमान ६ मी. दूर, वरून आडोसा पण बाजूंनी मोकळ्या जागी ठेवावा. एंजिन थंड झाल्यावरच पेट्रोल भरावे.

पुरवठा सुरळीत झाल्याची खात्री होताच प्रथम भार काढून, दोन-तीन मिनिटे एंजिन रिकामे चालवून मग बंद करतात. दीर्घ काळ संच पडून राहणार असल्यास कार्ब्युरेटरातील पेट्रोल काढून टाकावे, नाहीतर त्याचा डिंकासारखा साका छिद्रे बुजवितो व नेमक्या गरजेच्या रात्री एंजिन सुरू होत नाही.