न खाजणारा, न दुखणारा चट्टा : कुष्ठरोगाचे निदान कसे होते?

लातूर जिल्ह्यात औसा, निलंगा, उदगीर, कुठल्याही तालुक्यात पाहा. अंगावर फिकट चट्टा उठला की आधी मेडिकलमधून मलम येते. चट्टा खाजत नाही, दुखत नाही, म्हणून महिनोन्महिने तसाच राहतो. कुष्ठरोगात उशीर होतो तो इथेच.

रोग कशाने होतो? मायकोबॅक्टेरियम लेप्री या जंतूमुळे. नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांनी तो १८७३ मध्ये शोधला. उपचार न घेतलेल्या सांसर्गिक रुग्णाच्या दीर्घ सहवासात तो पसरतो. लक्षणे दिसायला काही वर्षे, कधी २० वर्षेही लागतात. बहुतेकांच्या शरीरात त्याला थारा मिळत नाही. पाप, शाप किंवा अनुवंश यांचा त्याच्याशी संबंध नाही.

पहिली पायरी, अंग पाहणे. कुष्ठरोगाच्या सर्वेक्षणाला आशा सेविका आणि पुरुष स्वयंसेवक घरी येतात, तेव्हा अनेक जण चेहरा आणि हात दाखवून थांबतात. पाठ, कंबर, मांड्या राहून जातात. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे तर भेटतच नाहीत. त्यांनी परतल्यावर स्वतःहून तपासून घ्यावे.

दुसरी पायरी, स्पर्शाची परीक्षा. आपले डोळे उघडे असताना डॉक्टर आधी परीक्षा समजावतात, मग डोळे मिटायला सांगून पेनाचे टोक हलकेच टेकवतात. जिथे स्पर्श झाला तिथे आपण बोट ठेवायचे. चट्ट्यावरचा स्पर्श कळला नाही, तर तो बधिर चट्टा. हीच रोगाची मुख्य खूण. नुसते “कळतंय का?” विचारले तर माणूस अंदाजाने “हो” म्हणतो, म्हणून बोट ठेवणे महत्त्वाचे.

तिसरी पायरी, नसा. कोपर, गुडघा आणि घोट्याजवळच्या नसा जाड किंवा दुखऱ्या झाल्या आहेत का, हे हाताने चाचपतात. करंगळीची ताकद, पाऊल वर उचलणे, पापणी पूर्ण मिटणे हेही पाहतात.

चौथी पायरी, त्वचेचा नमुना. कानाच्या पाळीला बारीक छेद देऊन घेतलेला द्राव सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. ही तपासणी प्रत्येकाला लागत नाही. पण त्वचा तेलकट, कानाच्या पाळ्या जाड आणि अंगावर गाठी असतील, तर बधिर चट्टा नसतानाही रोग असू शकतो. तिथे ती मोलाची ठरते. नमुन्यात जंतू सापडले नाहीत, एवढ्यावरून रोग नाही असे ठरत नाही.

गल्लत कुठे होते? नायटा बहुधा खाजतो. कोडाचा डाग पांढराशुभ्र असतो आणि त्यावर स्पर्श कळतो. शंका उरलीच, तर लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेसारख्या मोठ्या रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

निदानानंतर बहुविध औषधोपचार, म्हणजे एमडीटी, सरकारी केंद्रात मोफत मिळतो. चट्टे ५ पर्यंत असतील तर साधारण ६ महिने, त्याहून जास्त असतील किंवा एकाहून अधिक नसा बाधित असतील तर १२ महिने. लघवी लालसर होते, काहींची त्वचा काळवंडते. घाबरून गोळ्या सोडू नयेत. मध्येच चट्टे लाल होऊन सुजले किंवा नस दुखू लागली, तर गोळ्या चालू ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. ही शरीराची प्रतिक्रिया असते आणि वेळेवर उपचार मिळाले तर नस वाचू शकते.

औषधाने जंतू मरतो, पण उशीर झाला तर गेलेली संवेदना परत येईलच असे नाही. म्हणून घरात कोणाच्या अंगावर बधिर चट्टा असेल, तर याच आठवड्यात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.