उभ्या गाडीची रेस वरखाली का होते?

दहिवडीच्या किंवा म्हसवडच्या स्टँडजवळ सकाळी जरा वेळ थांबा. माल भरायला उभ्या असलेल्या जुन्या डिझेल पिकअपांत एखादी गाडी अशी दिसेल, की जिच्या पायटणीला कोणाचा पाय लागलेला नाही, तरी तिचे इंजिन आपले आपण चढते, पडते, पुन्हा चढते. घुर्रर्र... घुर्र... घुर्रर्र. गॅरेजवाले म्हणतात, ‘गाडी हंटिंग करते.’ आपण म्हणतो, रेस वरखाली होते. आणि लगेच कोणीतरी जाणता माणूस सांगतो, ‘पंप गेला, पंप उतरवा!’

हा पंप खरोखर किती वेळा गेलेला असतो, ते आज पाहायचे आहे.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या चुलतभावाच्या गाडीला हेच झाले. पंपाच्या कामाचा वीस हजारांचा आकडा ऐकून तो घरी आला आणि दावणीच्या शेळ्यांकडे पाहू लागला. मी पडलो पदार्थविज्ञान शिकवणारा. मोठ्या ऐटीत पाना घेतला आणि स्लोचा स्क्रू आवळून रेस वाढवली. हंटिंग थांबले. दादाही खूश, मीही खूश. चार दिवसांनी लोणंदच्या बाजाराला कांदा भरून तो मोगराळे घाट उतरत होता, आणि एका वळणावर इंजिन बंद पडले. इंजिन बंद पडले म्हणजे ब्रेकला जोर देणारी व्हॅक्यूमची मदतही तुटते. एकदोनदा दाबले की पेडल दगडासारखे होते. त्याने गिअर सोडला नाही, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या अंगाला टेकवली. माणूस वाचला. पण स्लो वाढवून मी रोग बरा केला नव्हता, नुसता झाकला होता.

आता रोगाचे मूळ. डिझेल इंजिनाचा वेग ठरतो तो आत जाणाऱ्या डिझेलच्या मापावर. हे माप सांभाळणारा कारभारी पंपात बसलेला असतो, त्याला गव्हर्नर म्हणतात. गोफण फिरवताना दगड बाहेर ओढ घेतो ना? तशीच दोन वजने इथे फिरतात. वेग वाढला की ती बाहेर फाकतात आणि डिझेल कमी करतात. वेग उतरला की स्प्रिंग त्यांना आत आणते आणि डिझेल वाढते. जेम्स वॅटने १७८८ साली वाफेच्या इंजिनावर हीच युक्ती बसवली. पुढे असे गव्हर्नर कधी स्थिर होतात आणि कधी झोके खात बसतात, याचे गणित मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८६८ साली मांडले. (शिक्षक मंडळींनी सहावी-सातवीच्या वर्गात दोरीला खडू बांधून हे जरूर दाखवावे. दगड मात्र नको!)

नवशिका गाडीवान कसा हाकतो, ते आठवा. बैल उजवीकडे गेल्याचे त्याला उशिरा कळते, मग तो कासरा फार ओढतो, गाडी डावीकडे जाते. गव्हर्नरचे तसेच होते. पंपात डिझेलबरोबर हवेचा बुडबुडा आला, तर हवा दाबली जाते आणि नोजलमधून डिझेल कमी उडते. वेग पडतो. गव्हर्नर घाबरून माप वाढवतो, तेवढ्यात बुडबुडा निघून गेलेला असतो, भरगच्च डिझेल पोचते, वेग उसळतो. गव्हर्नर माप तोडतो. पुन्हा बुडबुडा! म्हणजे कारभारी पुष्कळदा प्रामाणिक असतो. खोट असते ती त्याच्याकडे येणाऱ्या मालात.

तेव्हा तपासणी टाकीपासून पंपाकडे करावी. गाडी उघड्यावर, सपाटीला, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून, चाकाला दगड देऊन उभी करा. गळ्यातला टॉवेल आधी काढून ठेवा. इंजिनचा पंखा भीड धरत नाही.

पहिल्यांदा टाकीचे झाकण उघडा. ‘फुस्स’ आवाज झाला आणि जरा वेळाने रेस सुधारली, तर झाकणाचे श्वासाचे छिद्र आपल्या माणदेशी धुळीने बुजले आहे. खर्च शून्य. नंतर डिझेल फिल्टरखालचा बोल्ट सैल करून वाटीभर डिझेल काचेच्या ग्लासात घ्या. पाणी तळाशी वेगळे दिसते. विहिरीवरच्या इंजिनासाठी कॅनमध्ये साठवलेले डिझेल अडीअडचणीला गाडीत ओतले जाते, तिथून हे पाणी आणि गाळ पुष्कळदा येतात. फिल्टर केव्हा बदलला हे आठवत नसेल, तर तो बदलायची वेळ होऊन गेली आहे असे समजावे.

यानंतर हवा. टाकीपासूनच्या पाइपात डिझेल ओढले जाते, त्यामुळे फट असली तरी गाडी चालू असताना ते बाहेर ठिबकेलच असे नाही. उलट हवा आत शिरते. म्हणूनच गळती नाही असे पाहून माणूस फसतो. इथे मात्र धूळ आपल्या बाजूने साक्ष देते. रात्रभर उभ्या गाडीचे सांधे सकाळी पाहा. जिथे ओलसर काळी धूळ चिकटली आहे, तिथे बोट ठेवा. रबरी पाइप वाकवून पाहा, उन्हाने तडकलेला असेल.

खात्री करायची तर एक फार चांगली परीक्षा आहे. स्वच्छ डिझेलचा छोटा कॅन इंजिनपेक्षा उंच, पण गरम सायलेन्सरपासून दूर, पक्का बांधा. पंपाकडे जाणारा पाइप त्या कॅनमध्ये सोडा, परतीचाही त्यातच. फिल्टरवरच्या स्क्रूने एअर काढा: स्क्रू सैल, हातपंप मारत राहायचे, बुडबुडे संपून सलग धार आली की पंप मारता मारताच स्क्रू आवळायचा. आता गाडी चालू करा. रेस ठाकठीक राहिली, तर पंप निर्दोष आहे. दोष टाकी, पाइप नाहीतर फिल्टरमध्ये. दादाच्या गाडीला हे करायला अर्धा तास लागला, आणि तडकलेला वीतभर पाइप शंभर रुपयांच्या आत मिळाला. स्लोचा स्क्रू मी खाली मान घालून पूर्ववत केला.

एक फरक मात्र ओळखा. लयीत चढउतार वेगळा आणि एकसारखी ठकठक, थरथर वेगळी. थरथर असेल तर बहुधा एखादा सिलिंडर काम करत नाही, किंवा इंजिनखालचे रबर बसले आहे. जुने मिस्त्री चालू गाडीत नोजलच्या पाइपाचा एकेक नट सैल करून पाहतात. ज्याने आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आजारी. हे त्यांनाच करू द्यावे. तिथला फवारा वातावरणाच्या शंभराहून अधिक पट दाबाचा असतो, तो कातडीतून आत घुसतो. तसे झाले तर जखम सुईएवढी दिसली तरी ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जावे. नव्या कॉमन रेल गाडीत हा नट कोणीही, कधीही सैल करू नये. तिथे दाब याच्याही कितीतरी पट असतो, आणि तिची तपासणी संगणकावरच होते.

कॅन लावूनही रेस झोके खातच राहिली, तर आधी रेसची केबल कुठे अडकत नाही ना ते पाहून मग पंपाकडे वळावे. वजनांचे सांधे झिजतात, स्प्रिंग थकते, हे खरे आहे. पण त्या पंपाचे सील घरी तोडू नका. तो टेस्टिंगच्या मशिनवरच लावावा लागतो. मशिनवर लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर डिझेलचे माप किती आले, ते मिस्त्रीकडून कागदावर लिहून घ्या, आणि बदललेले जुने सामान परत मागा.