पंखासारखी डोलकाठी : ऐकीव काय, खरं काय

असोद्याला समुद्र नाही, पण वारा आहे, आणि त्याची पारख इथल्या खळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. तिवईवर चढून उपणणारा माणूस वाऱ्याला आडवा येत नाही, जरा बाजूला उभा राहतो. आडवा आला की त्याच्या अंगाआड वारा फाटतो आणि भुसा पुढे उडून जायचा सोडून तिथेच भोवऱ्यात घुटमळतो. बहिणाबाई चौधरींचा जन्म याच गावचा, १८८० चा. उपणणीवर त्यांनी कविता रचली, त्यामुळे हा विषय गावाला काही नवा नाही.

शिडाच्या होडीत नेमकं हेच घडतं. शिडाच्या पुढे उभी असलेली गोल डोलकाठी म्हणजे वाऱ्याला आडवा आलेला माणूस. तिच्यामागे भोवरे उठतात आणि शिडाची पुढची कड, म्हणजे सर्वांत जास्त ओढ देणारा भाग, त्यांत वाया जातो. त्यावर उपाय म्हणून काठीला पंखाचा छेद देतात, पुढे गोलसर आणि मागे निमुळता. ती वाऱ्याप्रमाणे स्वतःभोवती फिरेल अशीही उभी करतात. इंग्रजीतून आलेलं तिचं नाव ‘विंग मास्ट’. दुहेरी-तिहेरी होड्यांवर, म्हणजे कॅटामरान आणि ट्रायमरानवर, ती जास्त दिसते.

याच होड्यांवर का? त्या पसरट असल्याने सहज कलत नाहीत आणि वेगाने पळतात. दुचाकीवरून भुसावळला निघालात तर वारा पाठीमागून असला तरी तोंडावर समोरूनच लागतो. वेगवान होडीचंही तसंच असतं, तिला वारा बहुतेक वेळ पुढूनच भेटतो. मग काठीचा प्रत्येक अडथळा जाणवू लागतो.

अशा होड्या परदेशी फॅशन आहेत, असं बरेच जण समजतात. कोकणच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यावर होडीच्या एका बाजूला आडव्या दांड्यांनी जोडलेला लाकडी ओंडका असतो, त्याला उलांडी म्हणतात. ती होडीला कलंडू देत नाही. ट्रायमरानमागची युक्ती हीच आहे, फक्त तिथे ती दोन्ही बाजूंना असते. ‘कॅटामरान’ हा शब्द तर तमिळ ‘कट्टुमरम’वरून आला, बांधलेली लाकडं या अर्थाने. मूळ कट्टुमरम मात्र ओंडक्यांचा तराफा असतो. त्याला आजच्या कॅटामरानची आजी म्हणणं म्हणजे आडनाव सारखं म्हणून सोयरीक जोडणं.

सर्वांत चिवट गैरसमज जाडीचा आहे. पंखाच्या आकाराची काठी बाजूने बघितली की थोराड दिसते आणि वाटतं, ही वारा जास्त अडवणार. प्रत्यक्षात वाऱ्याच्या धारेत नीट धरलेल्या पंखाला जेवढा अडथळा होतो, जवळपास तेवढाच त्याच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याइतक्या बारीक गोल तारेला होतो. अडथळा जाडीपेक्षा मागे उठणाऱ्या भोवऱ्यावर ठरतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. त्यांच्या पात्याचा छेद डोळ्यांसमोर आणा, पुढे गोल, मागे धार. आत आधाराचा कणा आणि वर रेझिनमध्ये भिजवलेल्या काचतंतूंची कातडी, ही बांधणीही डोलकाठीच्या जवळची आहे.

म्हणून ‘कार्बन नसेल तर नादच नको’ हेही खरं नाही. कार्बन हलका आणि ताठ असतो, उंचीवरचं वजन कमी झालं की होडी कमी डोलते, हे मान्य. पण पातळ प्लायवूड वाकवून पुढच्या लाकडी नाकाला चिकटवायचं, आत उभी फळी घालायची आणि वर एपॉक्सी व काचतंतू चढवायचे, अशाही चांगल्या काठ्या होतात. मात्र लाकूड हलकं हवं. साग होडीच्या अंगाला उत्तम, काठीसाठी जड. डोलकाठ्यांसाठी सह्याद्रीतल्या पून जातीच्या झाडांचं सरळसोट खोड नावाजलेलं होतं. कार्बन वापरलाच तर त्यावर अॅल्युमिनियम थेट टेकवू नये. खाऱ्या पाण्यात त्या स्पर्शाने अॅल्युमिनियम झिजून जातं.

बांधणी जमली तरी काठी उभी करताना जुनी सवय आड येते. ‘तारा जितक्या ताठ, काठी तितकी पक्की’ हा समज गोव्यात बांधलेल्या नौदलाच्या तारिणीसारख्या होडीला चालेल. तिची २५ मीटरची डोलकाठी फिरत नाही. फिरणाऱ्या काठीचा पाय गोळ्यावर टेकलेला असतो. जात्याचा वरचा दगड मधल्या मेखेवर फिरतो, तशी ती फिरते. काठीला धरून ठेवणाऱ्या तारा, पुढची एक आणि बाजूच्या दोन, वर एकाच ठिकाणी येऊन मिळतात, नाहीतर काठी वळताना त्या एकमेकींना ओढतील. ताण बेताचाच ठेवतात. वाऱ्याआडच्या बाजूची तार सैल लोंबताना पाहून नवखा माणूस घाबरतो, पण ते दुखणं नव्हे. शिवाय तारांचा ताण काठीला खाली दाबतो, आणि दाबाखाली काठी तिच्या पातळ अंगाने वाकून मोडू शकते. म्हणून दोन्ही बाजूंना आडव्या दांड्यांवरून ताणलेल्या तारा असतात. त्या काठीलाच जोडलेल्या असल्याने तिच्याबरोबरच फिरतात.

विंग मास्ट आणि अख्खं कडक पंख-शीड यांतही गल्लत होते. १९८८ च्या अमेरिका कप या शिडाच्या होड्यांच्या शर्यतीतली ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ किंवा २०१० मध्ये जिंकलेली ‘यूएसए-१७’ यांच्यावर सबंध कडक पंख होता. विंग मास्टमागे मात्र कापडी शीड असतंच, आणि ते उतरवता येतं.

काठी उतरत नाही, घोटाळा होतो तो इथे. शीड गुंडाळलं म्हणजे वाऱ्यातून सुटलो, असं वाटतं. पण ही काठी शिडाचाच पुढचा भाग आहे. वादळात एकटी उभी असली तरी ती ओढ देत राहते, आणि नांगरलेली होडी डावी-उजवीकडे फिरत राहते. किनाऱ्यावर काठी उभारताना आणखी एक भान ठेवायचं, ते वरच्या विजेच्या तारांचं. कार्बन आणि अॅल्युमिनियम दोन्हींतून वीज वाहते. अशा अपघातांनंतर १९८० च्या दशकात होबी कंपनीच्या कॅटामरानच्या काठीचा वरचा भाग काचतंतूंचा करण्यात आला.

नांगरावर काही जण एक गमतीशीर उपाय करतात. काठी होडीला पार आडवी फिरवून तशीच बांधून ठेवतात, मग वारा तिच्यामागे फाटतो आणि ओढ मोडते. ज्या भोवऱ्याला टाळायला एवढी तासातासी केली, त्यालाच बोलावून राखणीला बसवायचं.